स्टेंट पुन्हा चोंदला? ढकला जीन्सवर!

हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षभरापूर्वी घातलेल्या जाळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, पुन्हा अडथळा आलाय? घाबरू नका. आधी दोष कुणाचा ते ठरवा, उपचार काय होतच राहतात. आजोबांकडून आलेल्या जीन्ससारखी, म्हणजे जनुकांसारखी, सोय नाही. आजोबा उलट बोलत नाहीत.

गेल्या आठवड्यात आमच्या दादाची दुसरी अँजिओग्राफी झाली. डिस्चार्जचे कागद मिळायच्या आत एका लॅबचा पोरगा त्याच्या गळ्यात जेनेटिक टेस्ट मारून गेला. आली रंगीत पीडीएफ. एका जीनपुढे लाल बाण. तो बाण आता घरच्या ग्रुपवर फिरतोय, खाली दादाची ओळ: "माझ्या हातात काहीच नव्हतं."

तर सल्ला पहिला: लाल बाणाच्या पुढचं वाचायचं नाही.

दुसरा: 'एसीई' जीन हे नाव पाठ करा. त्याचा स्टेंट चोंदण्याशी संबंध आहे का, यावर १९९० च्या दशकापासून अभ्यास झाले. काही हो म्हणतात, काही नाही. आपण होवाले सांगायचे.

तिसरा: गुठळी आणि चोंदणं एकच समजा. गुठळी होऊ नये म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेलची गोळी यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे कामाला लागते, काहींचं ते जन्मतः मंद असतं, २०१० साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, गोळीवर तसा इशाराही छापायला लावला. सगळं खरं. पण तो प्रश्न गुठळीचा! दादाला गुठळी झालीच नव्हती. स्टेंटने रक्तवाहिनीला आतून जखम होते, ती भरताना स्नायूपेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात, महिनोन्‌महिने. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या २०-३० जणांचं असं व्हायचं. औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि आकडा १० च्या आत गेला. माणसांची जीन्स तीच होती ना? आणि डायबेटिस असेल तर लेप असूनही धोका जास्त, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहिनीसमोर. माझ्यासमोर. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट, साडेनऊ! साडेनऊ, दादा! आणि वर चहात दोन चमचे, "एवढ्याने काय होतंय"!

सगळं पाळूनही ज्यांचा स्टेंट चोंदतो अशी माणसं असतात. त्यांच्यावर राग नाही. तू त्यांच्यातला नाहीस. पीडीएफच्या पैशांत साखर तपासायच्या वर्षभराच्या पट्ट्या आल्या असत्या. वहिनीने आणलेला ग्लुकोमीटर गणपतीपासून कपाटावर पडलाय, खोकंसुद्धा फोडलेलं नाही. फोड ते आधी.