चौकोनांचं खापर कॉम्प्युटरवर फोडू नका

लग्नामुंजींचे दिवस आले की ग्रुपांमधून एक मेसेज फिरायला लागतो. घरी एडिट केलेल्या व्हिडिओत रेंडरनंतर, म्हणजे अंतिम फाइल काढल्यावर, चौकोनी ठोकळे दिसतात, त्यावरचे उपाय त्यात दिलेले असतात. म्हणणं थोडक्यात असं: ठोकळे येतात कारण कॉम्प्युटर कमजोर आहे, तेव्हा ग्राफिक कार्ड घ्या. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला खर्च होणारे बिट, शेवटच्या टोकापर्यंत वाढवा. रेंडर फोर-केमध्ये करा. तरीही ठोकळे राहिले तर तयार फाइल कन्व्हर्टरमधून काढा.

माझ्या आतेभावाने मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ स्वतः एडिट केला आणि या मेसेजवर विसंबून ग्राफिक कार्ड घेतलं. ठोकळे जिथल्या तिथे राहिले. पैसे गेले याचं मला वाईट वाटलंच, पण मुंजीचं एकुलतं एक चित्रण आता असंच राहणार असं तो धरून बसला होता, ते जास्त लागलं. रविवारी त्याच्याकडे जाऊन बसलो.

आधी ठोकळे येतात कुठून ते पाहू. एच.264 हे कॉम्प्रेशन प्रत्येक फ्रेम 16 बाय 16 पिक्सेलच्या चौकोनांत कापतं. फुल एचडी फ्रेममध्ये असे 8160 चौकोन होतात. प्रत्येक फ्रेमचं पूर्ण चित्र साठवलेलंच नसतं. पूर्ण चित्र अधूनमधून येतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेमांत ‘हा चौकोन मागच्या फ्रेममधून इतका सरकला, एवढा बदलला’ इतकाच हिशोब असतो. हा हिशोब लिहायला बिट पुरले नाहीत तर चौकोन भरड दिसतात, रंग मात्र चित्राचेच असतात. लिहिलेला हिशोबच खराब झाला तर हिरवे-गुलाबी ठोकळे येतात, चित्र फाटतं, आणि पुढची की-फ्रेम आली की एकदम स्वच्छ होतं. हे दोन वेगळे आजार आहेत. मेसेज दोघांना एकच औषध देतो, तिथेच तो चुकतो.

आतेभावाच्या व्हिडिओत दोन्ही होते. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तिथे बटूचा चेहरा भरड चौकोनांत विरघळत होता. आणि मातृभोजनात वहिनी मुलाला घास भरवतेय, नेमका तिथे तिच्या हातावर हिरवा पट्टा.

आता ‘कॉम्प्युटर कमजोर’ हा मुद्दा. कमजोर मशीनवर प्रिव्ह्यू अडखळतो, रेंडरला रात्र लागते. पण एकच प्रोजेक्ट, त्याच सेटिंगवर सॉफ्टवेअर एन्कोडरने (ग्राफिक कार्डाऐवजी प्रोसेसरवर व्हिडिओ दाबणाऱ्या प्रोग्रामने) काढला तर जुन्या आणि नव्या मशीनवर चित्र सारखंच निघायला हवं. ग्राफिक कार्डावरच्या एन्कोडरचा मुख्य फायदा वेगाचा आहे. मशीन बिघडलेलं असेल तर गोष्ट वेगळी: सदोष रॅम, जास्त तापणं, ड्रायव्हरमधला दोष यांनी ठोकळे येऊ शकतात. ते ओळखायला फुकटची चाचणी आहे. तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोनदा रेंडर करा. ठोकळे दर वेळी जागा बदलत असतील तर मशीनवर संशय घ्या: हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ग्राफिक कार्डाकडून घेतलेली मदत) बंद करून पुन्हा काढा, रात्रभर मेमटेस्ट86 लावून रॅम तपासा. दोन्ही वेळा त्याच सेकंदाला, त्याच जागी आले तर मशीन बहुधा निर्दोष आहे. आतेभावाकडे दोन्ही वेळा त्याच जागी आले.

बिटरेटबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. भिंतीसमोर बसून बोलणाऱ्या माणसाला थोडे बिट पुरतात. अक्षता, गुलाल, मिरवणुकीतली लेझीम, पाण्यावरची चमक इथे मागच्या फ्रेमशी काहीच जुळत नाही आणि बिट संपतात. आतेभावाने ‘मोबाइलसाठी लहान फाइल’ असा प्रीसेट निवडला होता, बिटरेट सेकंदाला 2 मेगाबिट. यूट्यूब स्वतः फुल एचडी अपलोडला सेकंदाला 30 फ्रेमपर्यंत 8 मेगाबिट आणि 60 फ्रेमला 12 मेगाबिट सुचवतं. 8 मेगाबिट म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, मिनिटाला साठ. आम्ही 12 ठेवलं, दोन पासचं व्हेरिएबल बिटरेट (आधी सगळा व्हिडिओ तपासून, गरज तिथे जास्त बिट देणारं) निवडलं, आणि अक्षतांमधून चेहरा नीट दिसायला लागला. पण टोकापर्यंत कशाला? कॅमेऱ्याने जे टिपलं त्याच्या पलीकडचे तपशील बिटरेट वाढवून येत नाहीत. फाइल फुगते, आणि टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पाहताना अडखळण्याची शक्यता वाढते. शिवाय हिरव्या पट्ट्यावर याचा काडीचाही परिणाम होत नाही. आमच्याकडे तो आणखी ठळक दिसायला लागला.

फोर-केचा सल्ला तर फुल एचडी चित्रणाला उलटाच पडतो. पिक्सेल चौपट होतात, बिट तेवढेच ठेवले तर प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला कमी येतात. यूट्यूबवर फोर-के चढवलं की तिथलं कॉम्प्रेशन सढळ हाताने होतं, हे मान्य. घरच्या टीव्हीवर पाहायच्या मुंजीला त्याचा उपयोग नाही.

कन्व्हर्टरचा सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण तो ऐकून माणूस मूळ फुटेजकडे वळतच नाही. कन्व्हर्टर समोर आलेलं चित्र पुन्हा दाबतो, ठोकळ्यांसकट. हिरवा पट्टा त्याच्या लेखी चित्राचाच भाग असतो. म्हणून उलटं चालायचं: रेंडर सोडा, टाइमलाइनवरची मूळ क्लिप त्याच सेकंदाला प्लेअरमध्ये उघडा. आम्ही उघडली, पट्टा तिथेही होता. व्हीएलसी प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (फाइल उलगडायला ग्राफिक कार्डाची मदत) बंद करून पाहिलं, तरी होता. म्हणजे एडिटिंग सुरू व्हायच्या आधीच फाइल बिघडलेली होती.

मग कॅमेऱ्यातच कार्ड घालून ती क्लिप पाहिली. पट्टा नव्हता. हार्ड डिस्कवरची प्रत आणि कार्डावरची फाइल, दोन्हींचा आकार बाइटपर्यंत सारखा. चेकसम, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढला तर वेगळा. बिघाड कॉपी होताना झाला होता, एका सैल झालेल्या जुन्या कार्ड रीडरमधून. दुसऱ्या रीडरने कॉपी केली, चेकसम जुळला, टाइमलाइनवर क्लिप बदलली, पुन्हा रेंडर केलं.

हे जमलं कारण कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नव्हतं. पूर्ण रेंडर पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका, एवढं मात्र त्या मेसेजमध्ये असायला हवं होतं. रात्री वहिनीने मातृभोजन दोनदा मागे घेऊन पाहिलं. तिच्या हातातला वरणभाताचा घास स्वच्छ दिसत होता.