डबलसीट बसणाऱ्याचं काय?

दुचाकीचा इन्शुरन्स संपत आला की घरात, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न ठरलेला असतो : "सगळ्यात स्वस्त कुठला? पोलिसांनी धरलं तर दाखवायला कागद हवा फक्त." म्हणजे पीयूसीच्या शेजारी ठेवायला अजून एक कागद. कायद्यापुरतं ते बरोबरही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी सक्तीची. ती नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा ४,०००, वर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ७१४ रुपये आणि वर जीएसटी भरला की सुटलो.

पण त्या ७१४ रुपयांत मागच्या सीटवर बसलेली आई, बायको, मुलगी येत नाही. फर्स्ट पार्टी घ्यावी की थर्ड पार्टी यावर लोक तासभर वाद घालतात, तोही सगळा पत्र्याचा आणि प्लास्टिकचा. माणसाचा हिशेब कुणी करतच नाही.

थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरून चाललेला, समोरचा सायकलवाला, दुसऱ्या गाडीतला. तो गेला किंवा जायबंदी झाला तर न्यायाधिकरण ठरवेल तेवढी भरपाई, तिला वरची मर्यादा नाही. त्याच्या वस्तूंच्या नुकसानीला मात्र दुचाकीच्या पॉलिसीत एक लाखाची. आता तुम्हीच वाळूवरून घसरलात, समोर दुसरी गाडीच नाही, आणि मागं बसलेल्याला लागलं तर? नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत तो माणूस धरला जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००६ आणि २००८ च्या निकालांत स्पष्ट केलंय. हाच माणूस पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपण जिला फर्स्ट पार्टी किंवा फुल्ल इन्शुरन्स म्हणतो तिच्यात, धरला जातो. तिथं गाडीवर बसलेले लोक शब्दांत लिहिलेले असतात. अट इतकीच की ते भाडं देऊन बसलेले नकोत.

म्हणून "पंधरा हजारांच्या स्प्लेंडरला फुल्ल इन्शुरन्स कशाला?" असं कुणी म्हणालं की मी विचारते, मागं कोण बसतं? कायम एकटेच फिरत असाल तर घ्या थर्ड पार्टी, माझं काही म्हणणं नाही. पण रोज कुणाला तरी स्टँडवर सोडायचं, क्लासला न्यायचं असेल, तर पंधरा हजारांची गाडी हा मुद्दाच नाही. फार जुन्या गाडीला काही कंपन्या पॅकेज द्यायला खळखळ करतात. तशा वेळी मागं बसणाऱ्याचं वैयक्तिक अपघात कव्हर थोडक्या पैशांत जोडून मिळतंय का ते विचारा. त्याची रक्कम लहान असते, पण अगदीच काही नसण्यापेक्षा बरं.

चालवणाऱ्याचीही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. सक्तीचं पंधरा लाखांचं जे अपघात कव्हर असतं, ते गाडीच्या मालकाला. आरसीवर ज्याचं नाव त्याला, आणि तेही लायसन्स असेल तर. आपल्याकडे निम्म्या घरांत गाडी वडिलांच्या नावावर आणि फिरवतो मुलगा! मुलगा स्वतःच्या चुकीनं पडला तर हे पंधरा लाख त्याचे नव्हेत. शिवाय हे कव्हर मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचं आहे. पाय मोडून रॉड टाकावा लागला तर दवाखान्याचं बिल यातून निघत नाही, ते मेडिक्लेमचं काम. मुलाच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी काढा, नाहीतर गाडीच त्याच्या नावावर करा. माझं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूनं आहे. कमावत्या पोराची गाडी बापाच्या नावावर कशाला हवी?

आता शोरूमची गंमत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. काउंटरवर सांगतात, "पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे मॅडम, टेन्शन नाही." पॉलिसीचं पान उघडा. एका रकान्यात लायबिलिटी, म्हणजे थर्ड पार्टी, त्याची शेवटची तारीख पाच वर्षांनंतरची. शेजारच्या रकान्यात ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान, आणि त्याची तारीख बहुतेक वेळा पुढच्याच वर्षीची. दुसऱ्या वर्षापासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर गायब आणि मालक मात्र निर्धास्त. नुसती ओन डॅमेज पॉलिसी वेगळी मिळते, हव्या त्या कंपनीकडून. अपघात कव्हर किती वर्षांचं आहे तेही त्याच पानावर दिसेल.

ओन डॅमेज नसताना काय होतं ते पाण्यात कळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढा, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. पुरात बुडालेली गाडी थर्ड पार्टीत येत नाही, चोरीला गेलेलीही नाही. ओन डॅमेज असली तरी एक मेख आहे : पाणी उतरल्यावर उत्साहानं स्टार्टर मारला आणि इंजिन जॅम झालं, तर ते तुमच्या हातानं झालेलं नुकसान म्हणून क्लेम अडतो. गाडी ढकलत न्या, किक मारू नका. नदीकाठी, ओढ्याकाठी राहात असाल किंवा बेसमेंटमध्ये गाडी लावत असाल तर इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनच्या अशा नुकसानीचं जोड-कव्हर, घ्या. टेकडीवर राहणाऱ्यानं ते पैसे वाचवावेत.

झिरो डेपबद्दल, म्हणजे पार्टच्या जुनेपणापोटी पैसे न कापणाऱ्या, गॅरेजवाले ज्याला बंपर टू बंपर म्हणतात त्या जोड-कव्हरबद्दल, माझं मत गाडी बघून बदलतं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. स्कूटर एका कुशीवर पडली की बिलावर काय येतं? पुढचं एप्रन, बाजूचं पॅनल, मडगार्ड, आरशाचं घर. सगळं प्लास्टिक, सगळं निम्मं. म्हणून नव्या स्कूटरला पहिली तीन-चार वर्षं झिरो डेप घ्यावंच. लोखंडी मडगार्डच्या जुन्या मोटारसायकलला त्यात फार काही हाती लागत नाही.

ऑनलाइन पॉलिसी काढताना प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, खाली ओढायचा मोह होतो. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पाऊणपटीपुढे गेला, तर हातात पडते ती हीच रक्कम. ती दहा हजारांनी उतरवून प्रीमियममध्ये दीडशे-पावणेदोनशे वाचतात, डिस्काउंट धरला तर तेवढेही नाहीत. हा सौदा कुणाच्या फायद्याचा आहे? उलट नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, जपा. तो ओन डॅमेजच्या भागावर पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि आठशेच्या इंडिकेटरसाठी क्लेम केला की शून्यावर येतो. बोनस गाडीचा नाही, मालकाचा असतो. जुनी विकून नवी घेतलीत तर सोबत न्या. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तर मात्र गेला.

आणि डिलिव्हरीला किंवा बाइक टॅक्सीला घरगुती पॉलिसीवर गाडी लावणाऱ्यांनी सगळ्यात जास्त जपावं. खासगी वापराची म्हणून काढलेली पॉलिसी असली की क्लेमच्या वेळी गाडी धंद्याला लावली होती का, हाच कंपनीचा पहिला प्रश्न असतो, आणि मागं बसलेलं गिऱ्हाईक भाडं देऊन बसलेलं असतं.

आपल्या पॉलिसीत काय आहे ते कळत नसेल तर पहिल्या पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका, मी आणि इथले जाणकार बघतो. पॉलिसी नंबर, गाडी नंबर आणि मोबाइल तेवढा झाकून टाका.