ऊस थांबत नाही, कापूस थांबतो

"पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांनी कारखाने काढले, तुम्ही वऱ्हाडी नुसते बसून राहिले" ही कमेंट आज परत वाचली आणि डोकं सणकलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ऊस एकदा तोडला की थांबत नाही. लगेच गाळला नाही तर वजन घटतं, उतारा म्हणजे निघणाऱ्या साखरेचं प्रमाण पडतं, आणि १०० किलो उसातून साखर निघते जेमतेम १०-११ किलो, मग ते सगळं ओझं दोनशे किलोमीटर नेणार कोण? कारखाना फडाजवळच लागतो, इलाजच नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला जो सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला हात जोडतो, पण ऊसही त्यांच्या बाजूने होता हे पण मान्य करा ना.

कापसाचं उलटं आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे बी. तेवढं वजन कमी करायला जिनिंग, म्हणजे रुईपासून सरकी वेगळी करणं, आमच्याकडे. वणी, पांढरकवडा, कुठंही जा, सीझनला पत्र्याच्या शेडबाहेर गाड्यांची लाईन, ग्रेडर मूठभर कापूस दाबून ओलावा बघतो आणि भाव पाडतो, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. पण एकदा रुईची गाठ बांधली की महिनोन्‌महिने गोदामात पडली तरी चालते, आणि रुईचं सूत, सुताचं कापड करताना वजन फारसं घटत नाही, म्हणजे गिरणी कुठंही टाका. म्हणून गाठी निघाल्या. इंग्रजांच्या काळात मुंबईमार्गे मँचेस्टरला, आमची शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूसच तर वाहायची, आणि आता तामिळनाडूच्या सूतगिरण्यांना. इचलकरंजी काही कापसाचा पट्टा नाही, तरी १९०४ ला तिथं पहिला यंत्रमाग लागला, संस्थानिकाचा पाठिंबा होता, आणि मग माग, कारागीर, व्यापारी एकाला एक लागून शहर वाढत गेलं.

आणि इकडे होऊच शकत नाही असंही नाही हो. जमशेटजी टाटांनी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापूस जवळ, रेल्वे जवळ हे बघूनच. आज त्या जागेवर मॉल आहे.

जे पीक कारखान्याला स्वतःहून ओढून आणत नाही तिथं सरकारनेच जोर लावावा लागतो, स्वस्त वीज, कर्ज, मागापासून शिलाईपर्यंत सगळं एका ठिकाणी. अमरावतीला नांदगाव पेठेत टेक्सटाईल पार्कचं काम आहे, चांगलं आहे. पण नुसते प्लॉट वाटून झालं असं कोणी म्हणू नये, तिथं शिलाई मशीनवर आमच्या जिल्ह्यातल्या पोरी किती बसल्या ते दरवर्षी आमदारांना विचारा, मी विचारणार आहे.