पत्रावर सोनेरी मोहोर आहे, बरं मग?

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज आता पुण्यातल्या काका-मावश्यांपर्यंत पोचलाय. त्याचा मथितार्थ असा: ‘नॅशनल सोसायटी ऑफ हायस्कूल स्कॉलर्सचं सभासद व्हायचं पत्र आलं तर सोडू नका. निवडक मुलांनाच येतं, संस्था नोबेल घराण्याची, कॉलेजं हे बघतात, वर स्कॉलरशिप. फी एकदाच.’

निवडक? चारपैकी ३.५ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, असला की इथे प्रवेश मिळतो, आणि तो नसला तरी इतर निकष आहेतच. पत्राची वाट न बघता मुलगी स्वतःहूनही अर्ज करू शकते.

नोबेलचं म्हणाल तर २००२ साली जेम्स लुईस यांच्याबरोबर संस्था काढणारे क्लेस नोबेल त्या घराण्यातले होते, हे खरं. पण नोबेल पारितोषिकाशी संस्थेचा काडीचा संबंध नाही. आडनावाचं वजन मात्र पुरेपूर वापरलं जातं.

आता मुख्य दावा: ‘कॉलेजं बघतात.’ कुठे बघतात? बरीच अमेरिकी कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा माहितीचा तक्ता भरतात. त्यातल्या सी-७ या भागात प्रवेश देताना कशाला किती महत्त्व देतो, ते कॉलेजच सांगतं: घेतलेले विषय किती अवघड होते, ग्रेड, निबंध, शिफारसपत्रं, शाळेबाहेरचे उद्योग, स्वभाव. पैसे भरून मिळालेल्या सभासदत्वाचा रकाना त्यात नाही. अनेक कॉलेजांना एकच चालणारा अर्ज म्हणजे कॉमन ॲप; त्यावर सन्मानांसाठी जागा पाच, आणि प्रत्येकी शंभर अक्षरं. तिथे ‘जिल्हा विज्ञान प्रदर्शन, दुसरा क्रमांक, विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला मुलगी काय करते ते कळतं. या सभासदत्वावरून काय कळणार? मार्क बरे आहेत, एवढंच. ते गुणपत्रिकेत आहेतच की! एखादी जागा रिकामी राहिली तरी बिघडत नाही.

हा धंदाही नवा नाही. ‘हूज हू अमंग अमेरिकन हायस्कूल स्टुडंट्स’ हा जाडजूड ग्रंथ १९६०च्या दशकापासून निघत होता. नाव फुकट छापायचं आणि तो ग्रंथ आईबापांना विकायचा, असा हिशेब. २००७च्या सुमारास तो बंद पडला. त्यावाचून कुणाचा प्रवेश अडल्याचं ऐकिवात नाही.

खरा घोटाळा नावांच्या सारखेपणातून होतो. ‘नॅशनल ऑनर सोसायटी’ ही वेगळी, १९२१ पासूनची. तिथे शाळेतल्या शिक्षकांची समिती अभ्यासासोबत सेवा, नेतृत्व आणि चारित्र्यही बघून मुलं निवडते. ती अर्जात जरूर लिहा, पण तीही बऱ्याच जणांकडे असते, तेव्हा तिच्या जोरावर उड्या मारू नका.

स्कॉलरशिप खऱ्या आहेत, पण सभासद झालात म्हणून मिळत नाहीत. प्रत्येकीसाठी वेगळा अर्ज, वेगळी स्पर्धा. फी भरायचीच असेल तर या हिशेबाने भरा, आणि त्याआधी शाळेच्या काउन्सेलरकडे गावातल्या स्कॉलरशिपची यादी मागा. तिथे अर्ज करणारे कमी असतात, आणि फीही सहसा नसते.