पट्टी काय म्हणते?

आमच्या गाडीत ऐटीत बसलं की लगेच उठावं लागतं, कारण पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे. गाडी सासऱ्यांची, 1922 सालची फोर्ड मॉडेल टी. 1908 ते 1927 या काळात अशा दीड कोटींवर गाड्या निघाल्या. आमचीत पेट्रोलचा काटा नाही. काटा डॅशबोर्डवर आला तो पुढच्या मॉडेल एमध्ये, म्हणजे आमच्या नशिबात नव्हता. तेव्हा पुढच्यांनी उठायचं, गादी उचलायची, झाकण फिरवायचं आणि टाकीत पट्टी बुडवायची. ही पट्टी घरीच करायची असते. ती करण्यात माझं एक वर्ष गेलं.

पहिली पट्टी मुलाच्या दप्तरातली, लाकडी, एक फुटाची. तिच्यावरचे आकडे पेट्रोलने आठवड्यात धुऊन नेले. दुसरी बांबूची कामटी. ती हातातून निसटून थेट टाकीत गेली. वाकवलेल्या तारेने मी दोन तास गळ टाकून बसलो. सासरे शेजारी उभे. "जावईबापू, वरच्या टोकाला आडवं काहीतरी बांधायला हवं होतं." तिसरी म्हणजे पारदर्शक नळी. आत सोडायची, वरचं भोक अंगठ्याने दाबायचं आणि उचलायची, की आतली पातळी तशीच बाहेर येते. झकास! पण महिनाभरात पेट्रोलने नळीला मोतीबिंदू झाला.

चौथी सागाची, वर आडवी खुंटी ठोकलेली. व्हार्निश न मारता कोरडीच ठेवली, म्हणजे ओल कुठवर चढली ते दिसतं. मग टाकी पूर्ण रिकामी केली, गाडी सपाट जागी लावली आणि दोन-दोन लिटर ओतत दर वेळी ओलीच्या रेघेवर करवतीने खाच पाडत गेलो. टाकी आडव्या पिंपासारखी गोल, सुमारे 38 लिटरची. त्यामुळे खाचा तळाशी विरळ, मध्यावर दाट आणि वर पुन्हा विरळ. पाव उंचीपर्यंत पट्टी ओली झाली तर पेट्रोल पाव टाकी नसतं, जेमतेम पाचवा हिस्सा असतं. हे गणित मी बायकोला समजावून सांगितलं. ती पट्टीकडे बघून म्हणाली, "सुताराकडून करून घ्यायची होती. त्याने सारख्या अंतरावर पाडल्या असत्या."

खरी परीक्षा वाचनाची. पेट्रोल भराभर उडतं, त्यामुळे पट्टी बाहेर आली की लगेच वाचायची. आमच्याकडे तेव्हा सासरे चष्मा शोधतात. चष्मा सापडेपर्यंत दोन लिटर हवेत गेलेले. "सहा," ते म्हणतात. मी म्हणतो आठ. बायको मागच्या सीटवरून, पट्टी न बघता, "संपत आलंय" म्हणते आणि बऱ्याचदा तीच बरोबर ठरते. एकदा शेजारचे काका मदतीला धावून आले. "अंधार आहे, काडी पेटवून बघू का?" त्यांना फाटकापर्यंत पोहोचवून आलो.

गेल्या महिन्यात जेजुरीला निघालो. पट्टी म्हणाली दहा. कधी नव्हे ते एकमत झालं. दिवे घाटाच्या पहिल्या खड्या चढाला गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बसली. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी उंचावर, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर पुढे खाली, पेट्रोल आपलं ओघळत येतं. चढावर गाडीचं नाक वर झालं, की टाकीच खालच्या बाजूला येते. टाकी भरलेली असेल तर चालून जातं, दहा लिटरला नाही.

उपाय जुनाच. गाडी फिरवायची आणि घाट उलटा चढायचा. मी हँडल मारलं, सासऱ्यांनी मधला पायडल दाबला (मॉडेल टीत मधला पायडल म्हणजे रिव्हर्स) आणि आम्ही पुण्याकडे तोंड करून सासवडकडे निघालो. मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाशी आमची नजरानजर होत होती. एका यष्टीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काका, येताय का जाताय?" मुलगा मागे वळून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होता आणि बायकोने पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला होता. एरवी ती पदर घेत नाही.

माथ्यावर सपाट जागा बघून सासऱ्यांनी गाडी थांबवली. "उठा," ते म्हणाले. उठलो. गादी उचलली, पट्टी बुडवली. आज चष्मा नाकावरच होता.

"आठच्या खाचेला केसभर वर," सासरे म्हणाले. "बघा, पट्टी बरोबर होती."