समोर काहीतरी पाडतायत? बघूच नका!

आजूबाजूला काय पडतंय नि काय उभं राहतंय हे आपल्या लक्षातच येऊ नये, असं वाटत असेल तर त्याला थोडी प्रॅक्टिस लागते. माझी बऱ्यापैकी झालीये म्हणून फुकटात सांगतो.

रस्त्याने जाताना मान मोबाईलमध्ये. वर बघायचंच नाही. पाडायच्या आधी ग्रिल निघतात, खिडक्या-दरवाजे निघतात, वायरी ओढून काढतात, मग बिल्डिंग काही दिवस नुसती भोकं घेऊन उभी असते, तेवढे दिवस रील्स बघत काढले की झालं. मग पत्रे लागतात. पत्रे दिसले की थांबून विचारायचं, "अरे, इथे आधी काय होतं?" फार सेफ प्रश्न आहे, कारण उत्तर कुणालाच येत नाही. वर्षानुवर्षं रोज जिच्या सावलीतून गेलो ती बिल्डिंग तीन मजली होती का चार यावर आमच्याकडे दोघं भांडले. (चार होती. मी मोजलेली नाही, पण चारच होती.)

आता पाडकाम. वरून खाली एकेक मजला काढत येतात, म्हणजे बांधलं त्याच्या बरोबर उलट, आणि मध्येच कधीतरी अर्धी बिल्डिंग कापल्यासारखी उघडी पडते. तिकडे तर अजिबात बघू नका. तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी बाथरूमच्या निळ्या टाइल्स दिसतात, शेजारी गुलाबी भिंत, तिच्यावर कॅलेंडरचा खिळा आणि त्याच्याखाली कॅलेंडरएवढाच फिका चौकोन. एवढ्या दिवसांत कधी त्यांच्या घरी गेलो नाही आणि आता रस्त्यावरून थेट बाथरूम बघतोय, हे बरं दिसतं का? नजर खाली. खाली डंपरमध्ये डबर भरत असतात आणि ब्रेकरने फोडलेल्या काँक्रीटमधून सळया ओढून बाजूला रचत असतात, कारण लोखंड भंगारात विकलं जातं. टाइल्सना कोण विचारतो!

धुळीचं टेन्शन घेऊ नका. काँक्रीट फोडलं की त्यातली सिलिका उडते, तिचा सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याचा त्रास कसला? १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, पण आपण खिडकी लावून घेतो ना. ब्रेकरवाल्याने तोंडाला रुमाल बांधलेला असतो, तो त्याचं बघून घेईल.

बांधकाम सुरू झालं की रात्री काँक्रीटचे मिक्सर येतात आणि रिव्हर्सचा बीप बीप चालू होतो. चिडू नका, त्यांचीही घाई असते. साधारण दीड तासात माल ओतावा लागतो, नाहीतर ड्रममध्येच घट्ट व्हायला लागतो, म्हणून तो ड्रम सारखा फिरत असतो. आणि काँक्रीटची ताकद धरतात ती २८ दिवसांनंतरची, त्यासाठी त्याचे छोटे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरून टेस्टिंगला पाठवतात. २८ दिवस! आपल्याला झोप लागायला त्याहून जास्त लागतात, पण आपले क्यूब भरून कुणी टेस्टिंगला पाठवत नाही.

तुमच्या भिंतीला भेग गेली तरी घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे एक जण येऊन भेगेवर काचेची छोटी पट्टी चिकटवून गेला, पेन्सिलने तारीखही टाकली. भेग वाढली की काच तडकते, एवढी साधी आयडिया. रोज बघायचं नाही. मी दिवसातून चारदाच बघतो.

आणि शेवटी तो पत्र्यांवरचा मोठा बोर्ड, त्याच्याजवळ तर थांबूच नका. त्यावर नवी बिल्डिंग, स्वच्छ आकाश, दोन वर्षांत एवढी वाढूच शकणार नाहीत अशी झाडं, आणि रस्त्यावर एकच गाडी. मी एकदा चुकून थांबलो आणि त्यात आमची बिल्डिंग शोधायला लागलो, कारण ती बरोबर शेजारीच आहे. नाहीये. तिच्या जागी हिरवळ दाखवलीये आणि एक माणूस कुत्रा फिरवतोय.

काल सकाळी गेटसमोर एक जण तिपाई लावून दुर्बिणीतून आमच्याकडे बघत होता. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाला, "काही नाही काका, फक्त लेव्हल घेतोय." मी मान मोबाईलमध्ये घातली आणि पुढे गेलो, पण कोपऱ्यावरून वळून आमचे मजले मोजले.