एएमटीचा क्लच आणि 'विकाऊ' लेखक: एका प्रतिक्रियेला उत्तर

एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीच्या क्लचवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी इथे देतो: "कंपनीची चूक चालकाच्या माथी मारणारा विकाऊ लेख. चढावर रेस देऊन गाडी धरली की क्लच जळतो, हे ऐकीव ज्ञान. माझा क्लच २६ हजार किलोमीटरला गेला. ऑइलचाही गोंधळ घातलाय."

'विकाऊ' हा शब्द लागला. लेख पटला नाही तर तसं म्हणा, पण माणसाची नियत काढायची ही कुठली रीत? बावीस वर्षं गिअरबॉक्स उतरवतोय, ऐकीव लिहायची गरज नाही मला.

ऑइलचं मान्य. एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलचंच गिअर ऑइल असतं आणि क्लच दाबणाऱ्या ॲक्चुएटरचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं. मी दोन्हींना नुसतं 'ऑइल' म्हटलं होतं, ते दुरुस्त केलंय.

आता 'ऐकीव'. २०१४ साली सेलेरिओतून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. तेच फ्लायव्हील, तीच एकुलती कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. डाव्या पायाचं आणि गिअर टाकणाऱ्या हाताचं काम तेवढं पंप आणि विजेवर उघडझाप करणारे सॉलेनॉइड व्हॉल्व्ह करतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत घसरण तेलात होते, इथे ती प्लेटवर होते. खंबाटकीत ट्रकमागे अडकल्यावर ब्रेक न दाबता रेस देऊन गाडी जागेवर धरलीत, की हाफ क्लच सुरू. इंजिन फिरतंय, चाकं थांबलीत, मधली सगळी ताकद प्लेट तापवण्यात जाते. चढावर गाडी मागे जाऊ न देणारा हिल होल्ड असला तरी ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंदच धरतो, हे विसरू नका.

तुमच्या गाडीत काय झालं ते जुनी प्लेट सांगेल. मागून घेतलीत का? लायनिंग (प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर) काळं, काचेसारखं गुळगुळीत, जळका वास आणि फ्लायव्हीलवर निळे डाग असतील, तर क्लच घसरून तापलाय. लायनिंगवर तेल असेल, तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट सील गळतंय, त्यात चालकाचा काहीच दोष नाही. लायनिंग जाड शिल्लक असूनही आरपीएम चढतं आणि वेग वाढत नाही, असं होत असेल तर आधी ॲक्चुएटर आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे जुळवणी, तपासा. या तिन्ही गोष्टी मूळ लेखात होत्या. तुम्ही पहिला परिच्छेद वाचून थांबलात, असं मला स्पष्ट वाटतं.

वॉरंटीत बदलून मिळायला हवा होता का, हा वेगळा विषय. त्यात मी पडत नाही.

नवी प्लेट टाकल्यावर स्कॅनर लावून क्लच लर्निंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नवी प्लेट कुठे पकडते ते शिकवणं, केलं का, तेही विचारा. ते राहिलं तर नवा क्लचही झटके देतो आणि लवकर झिजतो. आणि सकाळी ड्रायव्हरचं दार उघडल्यावर पंपाची घरघर ऐका. दोन-तीन सेकंदांत थांबली तर ठीक. गाडी उभी असताना, गिअर न बदलता ती दर काही सेकंदांनी पुन्हा येत असेल, तर ऑइलचा दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर गेलाय किंवा कुठेतरी दाब गळतोय. तसं असेल तर मॉडेल आणि साल लिहा, पुढचं सांगतो.